सात खोडून चार

१३ जानेवारी २०२५, नांदेड

अमृतराव सरांनी आज नवी फाईल टेबलावर ठेवली आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "बुद्धप्रिया, ही जरा जपून." सर जपून म्हणाले की मी ओळखते, फाईलमध्ये जातीची गोष्ट आहे.

होतीच. श्रीमंत, वय सत्तेचाळीस, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावचा मोठा शेतकरी. सात वर्षांपूर्वी शेतावर कामाला येणाऱ्या बाईच्या बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला म्हणून शिक्षा झाली. मुलगी आमच्या समाजाची, बौद्ध. तिचं नाव कायद्याने कुठे लिहायचं नसतं, म्हणून इथेही लिहीत नाही. आता त्याचं अपील चालू आहे, जामीन मागतो आहे, आणि कोर्टाने आम्हाला विचारलं आहे, हा माणूस पुन्हा असं करेल का?

परवा बाबा विचारत होते, तुझं नेमकं काम काय गं माय? मी सांगितलं, अशा माणसांना भेटायचं आणि परदेशातून आलेल्या एका मोजपट्टीवर दहापैकी गुण द्यायचे. पाच किंवा त्याच्या वर गेला की धोक्याचा. आम्ही दोघं, सर आणि मी, वेगवेगळे गुण देतो. एकमेकांना दाखवायचे नाहीत, पाकिटात घालून चिकटवायचे, मग दोन्ही पाकिटं एकदम फोडायची. आकडे जवळ आले तर अहवाल कोर्टात जातो. लांब पडले तर पुण्याहून तिसरा तज्ज्ञ बोलवावा लागतो. त्यात दीड महिना जातो आणि वरून पत्रं येतात ती वेगळी.

बाबा म्हणाले, "मंजे तिकीट तपासायला दोन चेकर." बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांना जगात सगळीकडे तिकीटच दिसतं.

४ फेब्रुवारी, लातूर

पहिली भेट झाली. तुरुंगातल्या त्या खोलीत पंखा फिरतो पण वारा लागत नाही.

श्रीमंत उंच, पांढरे केस, बोलणं मऊ. आल्या आल्या हात जोडले. माझं नाव विचारलं. सांगितलं तर म्हणाला, "चांगलं नाव हाय मॅडम. बाबासाहेबांचा फोटू हाय बगा आमच्या बैठकीत, वडलांनी लावलेला." मला हसू आलं. माझं नाव ऐकलं की निम्म्या जिल्ह्याच्या बैठकीत तो फोटो लागतो.

मोजपट्टीचे प्रश्न घेतले. एक प्रश्न असा, की जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षं राहिला आहे का. राहिला असेल तर धोका कमी. अहो, आमच्याकडे विशीत लग्न लावून देतात, मग राहील नाही तर कुठे जाईल? दुसरा प्रश्न, पीडित व्यक्ती अनोळखी होती का. अनोळखी असेल तर धोका जास्त. आमच्या गावात अनोळखी कोण असतं? कुणाची म्हैस कधी व्याली हेसुद्धा सगळ्यांना माहीत. म्हणजे या दोन प्रश्नांत आमच्याकडचा प्रत्येक माणूस आपोआप सभ्य ठरतो. हे मी दोन वर्षांपूर्वी सरांना बोलले होते. ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण मोजपट्टी बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

उरलेले मुद्दे मात्र आमच्या नजरेवर असतात. केल्याची कबुली देतो का, पश्चात्ताप आहे का, त्या मुलीचं काय झालं याची जाण आहे का.

"लई वंगाळ झालं माझ्या हातून," तो म्हणाला. "देवानं मला कुठली बुद्धी दिली त्या टायमाला. आता त्या पोरीचं चांगलं व्हावं येवडंच वाटतं. नर्सिंगला हाय म्हणं ती आता. लगीन बी जमलंय, तिकडं मुदखेडला. पोरगा चांगला हाय, रेल्वेत हाय. सुखात ऱ्हावी."

कबूल न करणारेच जास्त बघितलेत मी. मुलीच्या भल्याचा विचार करणारा हा पहिलाच. नोंद केली.

५ फेब्रुवारी, लातूर

आज दुसरी भेट. विचारलं, संधी मिळाली तर माफी मागावीशी वाटेल का?

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "मागावी का मॅडम? मागितली तर चालंल?"

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

"मागायलाच पायजे. पायावर डोकं ठिवून मागायला पायजे. चारचौघात." डोळे पुसले त्याने.

सर काल भेटून गेले होते, आज मी एकटीच. परतीच्या गाडीत गुण मांडले. सात आले. का सात, हे मला नीट सांगता येत नाही. कबुली आहे, रडणं आहे, सगळं आहे, तरी एक गोष्ट टोचत राहिली. सात वर्षं आत असलेल्या माणसाला त्या मुलीचं कॉलेज, तिचं स्थळ, नवऱ्या मुलाची नोकरी, हे सगळं ठाऊक कसं? बायको भेटायला येते, ती सांगत असेल. गाव आहे, कळतंच. पण तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, आणि मोजपट्टीत त्याला चौकट नाही. मी तो दुसऱ्या चौकटींत घातला आणि सात केले.

९ फेब्रुवारी, रविवार

पाकीट अजून चिकटवलं नाही. दोन दिवस स्वतःशी भांडते आहे.

सात गुण मी कुणाला दिले? श्रीमंतला, की माझ्या लहानपणच्या गावातल्या त्या सगळ्या माणसांना, ज्यांच्या ओट्याखाली माझी आजी उभी राहायची? मुलगी दुसऱ्या कुठल्या घरची असती तर हाच माणूस मला सात वाटला असता का? रडतो आहे, कबूल करतो आहे, मुलीचं बरं चिंततो आहे. ज्याला परवा आम्ही तीन दिले त्याने तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

बाबांना नाव-गाव न सांगता विचारलं, आपल्या मनात आधीच अढी असेल तर काय करावं? ते भाजी निवडत होते. म्हणाले, "माय, आपल्या माणसानं दुप्पट सरळ चालावं. लोक बोट दाखवायला टपलेलेच असतात. मी तीस वर्षं नोकरी केली, आपल्या माणसाला एकदा फुकट नेलं न्हाई. उलट आपलं कुणी दिसलं की तिकीट आदी फाडायचो."

हेच ऐकत मी वाढले आहे. शाळेत वर्गप्रमुख होते तेव्हा फळ्यावर पहिलं नाव माझ्याच मैत्रिणीचं लिहायची.

पश्चात्तापाच्या चौकटीतला धोक्याचा गुण कमी केला. जाणिवेचा कमी केला. त्या टोचणीला कुठलाच आधार नव्हता, तिचा गुण काढूनच टाकला. चार झाले. सात खोडून चार लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण न्यायाने वागलो असं वाटलं. पाकीट चिकटवून सरांच्या कपाटात ठेवलं.

११ फेब्रुवारी

पाकिटं फोडली. माझे चार. सरांचेही चार!

सर इतके खूश की पेढे मागवले. वर्षभरात दोघांचे आकडे जवळपास प्रत्येक वेळी जुळलेत. मार्चमध्ये त्यांना पुण्याला निबंध वाचायचा आहे. 'मराठवाड्यातही ही पद्धत विश्वसनीय ठरते' असं काहीसं शीर्षक. माझं नाव दुसरं असेल. मी मनात म्हटलं, बघ, माझी अढी मी काढली आणि आकडा कसा चपखल बसला. सर श्रीमंतच्याच जातीचे असून त्यांनीही तेच दिले, म्हणजे दोन टोकांची माणसं एका जागी आली. याहून मोठा पुरावा कुठला?

अहवालात लिहिलं, 'पुनर्गुन्ह्याची शक्यता कमी. पश्चात्ताप मनापासूनचा दिसतो.' खाली दोघांच्या सह्या.

२१ मार्च

श्रीमंतला जामीन मिळाला. अट एकच, अपिलाचा निकाल लागेपर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही. तो लातूरला मेहुण्याकडे राहणार आहे.

सरकारी वकिलांना सरांनी फोन केला होता. मुलीच्या घरच्यांनी आमच्या अहवालाला काहीच हरकत घेतली नाही म्हणे. मला आश्चर्य वाटलं, आणि थोडा अभिमानही. काम चोख असलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

३ एप्रिल

लिहायला काही नाही. ऊन तापलंय. बाबांचा मात्र हंगाम सुरू झाला. निवृत्तीनंतर ते बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावतात, आणि गावोगाव मान मिळतो म्हणून स्वारी खूश असते. बुद्धपौर्णिमेला मुदखेडचं लग्न ठरलं आहे. मुलाचं नाव आदर्श, रेल्वेत आहे. मुलगी शिरूरकडची.

मी डबा भरत होते. शिरूरकडच्या काय कमी मुली आहेत, असं मनात म्हटलं आणि झाकण लावलं.

१४ एप्रिल

मिरवणुकीत पाय दुखून आले. वस्तीतल्या बायकांनी शाल दिली, 'आपली लेक कोर्टाला सल्ला देते' म्हणून. शाल घेताना मला उगाचच कसंतरी झालं. का ते कळलं नाही. उन्हाने असेल.

२४ एप्रिल

बाबा दुपारी मुदखेडहून आले. चप्पलसुद्धा न काढता म्हणाले, "मोडलं गं माय. पौर्णिमेचं मोडलं."

कुणीतरी माणूस आला होता म्हणे आदर्शच्या घरी, रविवारी. पांढरे कपडे, हातात नारळ. अंगणात पाव्हणेरावळे बसले होते, याद्या करायची बैठक चालली होती. त्याने सगळ्यांदेखत आदर्शच्या वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, मी पापी हाय, तुमच्या होणाऱ्या सुनंचा मी गुन्हेगार हाय, ती लहान व्हती तवा माझ्या हातून असं असं घडलं, लग्नाच्या आदी माफी मागितल्याबिगर मला अन्न गोड लागत न्हाई. तारीख सांगितली, शेताची जागा सांगितली. रडला. नारळ ठेवला आणि गेला.

"कुणी हात नाही लावला त्याला?" मी विचारलं.

"कशाला लावतील? पायावर पडलेल्या माणसाला कोण मारतं? म्हातारीमाणसं तर म्हणत व्हती, माणूस पश्चात्तापी दिसतो." बाबा पाणी प्याले. "आदर्शची माय तवाच आत गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आमाला सोयरीक न्हाई करायची."

मी जेवत होते. बाबांना काही सांगू शकत नाही, सांगायचा अधिकार नाही. ते म्हणत होते, त्या पोरीचं काय होईल आता. मी ताट उचललं आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

मागितली तर चालंल, असं त्याने मला विचारलं होतं. त्यावरून मी त्याचे धोक्याचे गुण कमी केले.

२५ एप्रिल

सरांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सर ऐकून खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "वाईट झालं. पण बुद्धप्रिया, शास्त्र म्हणून बघितलं तर आपला अंदाज चुकलेला नाही. तो गावात गेला नाही. मुलीच्या जवळ गेला नाही. अंगाला हात लावला नाही. पोलिसात द्यायला गेलात तर कलम शोधावं लागेल. आपल्याला विचारलं होतं पुन्हा गुन्हा करेल का. त्याने केला नाही."

खरं आहे ते. मोजपट्टीच्या हिशेबाने आम्ही बरोबर आहोत. हा माणूस मेला तरी त्या निबंधात यशस्वी अंदाज म्हणूनच राहील.

मी म्हटलं, "सर, मी आधी सात दिले होते."

त्यांनी चष्मा काढला.

मी सांगून टाकलं. गाडीतले सात, टोचणी, अढीची भीती, मग चार. सर काचा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझे सहा होते."

मला कळेना. पाकिटातून तर चार निघाले होते.

"तुमचं पाकीट माझ्याच कपाटात होतं," ते म्हणाले. "वाफेवर सुटतं ते. दर वेळी नाही बघत मी. अडलं की बघतो. या वेळी फार अडलं होतं. माणूस आमच्यातला, लांबून नात्यातही निघेल. मी सहा दिले तर आमचे लोक म्हणणार, आपल्या माणसाला बुडवला. तीन दिले तर तुमचे म्हणणार, वाचवला. तुमचे चार बघितले आणि सुटलो. म्हटलं, त्या मुलीच्या समाजाची बाई चार म्हणते आहे, तर मी जास्त शहाणा कोण?"

म्हणजे मी माझ्या जातीला भिऊन खाली आले आणि ते माझ्या जातीवर विसंबून खाली आले. दोन तज्ज्ञ, दोन पाकिटं, आणि आकडा एकच, तोही भीतीचा. सात आणि सहा असे गेले असते तर तो माणूस आज आत असता. त्या आकड्यावर आम्ही पेढे खाल्ले.

मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. पण खरं सांगायचं तर पाकीट फोडणाऱ्यापेक्षा खोडणारीचा गुन्हा मोठा आहे. त्यांनी माझा आकडा चोरला. मी तर माझ्याच डोळ्यांना खोटं पाडलं.

२७ एप्रिल

गेले. जायला नको होतं, नियमात बसत नाही, तरी गेले. आधी फोन करून विचारलं, मुलीच्या आईने या म्हटलं.

शिरूरहून पुढे जीपने. मुलीची आई, नागुबाई, पत्र्याच्या घराच्या दारात उभी होती. पन्नाशीची असेल, हातपाय काटक. मी कोण ते सांगितलं तर तिने घाईघाईने सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा टाकला. मला वाटलं, हिला कळलं नाही मी कोण. पुन्हा सांगितलं, तो अहवाल माझा होता, मी सही केली होती.

"ठाव हाय की," ती म्हणाली. "वकिलानं दाखिवला व्हता. म्हणला, हरकत घ्यायची का? पोरीनं वाचला. खाली तुमचं नाव व्हतं. बुद्धप्रिया." तिने ते नाव सावकाश उच्चारलं. "मी म्हणलं, आपली बाई हाय. आपल्या बाईनं बघून लिवलंय मंजे खरंच सुधारला असंल मेला. नगा घेऊ हरकत. मीच म्हणलं तसं वकिलाला."

मला वर बघवेना. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवावा हेही सुचेना. मी म्हटलं, "चुकलं माझं. मला तो धोक्याचा वाटला होता. मी भिऊन कमी केलं."

"कुणाला भिऊन?"

"लोक म्हणतील, आपल्या पोरीची बाजू घेतली."

नागुबाई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, न समजल्यासारखी. मग म्हणाली, "मग घ्यायची की. आमची बाजू घेयाला व्हतं कोण दुसरं?"

मुलगी आत होती. सगळं ऐकत असावी, कारण बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. एकोणीस वर्षांची, बारीक, केस घट्ट बांधलेले. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "माफी नका मागू. एक झाली मागून."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"लग्न मोडलं म्हणून न्हाई रडले मी," ती म्हणाली. "आदर्शला ठाव होतं. मीच सांगितलं होतं त्याला, जमायच्या आदी. तो म्हणला, माझ्या आईला तू कधी सांगायचं ते तू ठरव. न्हाई सांगितलंस तरी चालंल. ते माझं होतं, मॅडम. सांगायचं का न सांगायचं, कोणत्या शब्दात सांगायचं. तेवढं एकच माझ्या हातात राहिलं होतं. ते त्यानं अंगणात नेऊन वतलं. शेताची जागासुद्धा सांगितली म्हणं."

मी म्हटलं, मी कोर्टाला खरं लिहून देणार आहे. आकडा कसा बदलला, पाकीट कसं उघडलं, सगळं. तुझं लग्न त्याने कसं मोडलं तेही लिहीन, म्हणजे जामीन रद्द व्हायला जोर येईल.

"मी तक्रार देईन वाटलं तर. माझी मी देईन," ती म्हणाली. "तुमच्या कागदात माझ्याबद्दल एक शब्द नको. तुमच्याबद्दल लिहा."

निघताना नागुबाईने पिशवीत हरभऱ्याची डाळ बांधून दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

२ मे

लिहिते आणि फाडते आहे.

'तांत्रिक कारणांमुळे' असं लिहिलं, फाडलं. 'मूल्यमापनाच्या स्वातंत्र्याबाबत शंका' असं लिहिलं, ते तर सरांच्या निबंधातलं वाक्य वाटतं. इतकी वर्षं मी माणसांना बसवून विचारत आले, तुम्ही काय केलं ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि ते 'घडलं माझ्या हातून' म्हणाले की मी समासात लिहायची, 'जबाबदारी टाळतो.' आज माझ्याही पानावर पहिलं वाक्य आलं ते असं, 'गुणांकनात बदल झाला.' झाला म्हणे! आपोआप झाला.

सर आले होते टेबलाशी. म्हणाले, "माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं आहे. पाकिटाचं लिहाल तर आपले सगळेच जुने अहवाल उघडतील. त्यात काही बरोबरही असतील, त्या माणसांचं काय?" हा प्रश्न खरा आहे. मग हळूच म्हणाले, "आणि तुम्ही हे दिलंत की त्याचा वकील काय म्हणेल माहीत आहे ना? बाईंनी जात बघून अहवाल फिरवला."

म्हणेलच. ज्याला भिऊन खोडलं तेच आता ऐकावं लागणार, ते टळलं नाही. फक्त मधल्या मध्ये एका मुलीचं घर मोडलं.

११ मे

बाबांना सांगितलं. मुदखेडचं नाव घेतलं नाही, पण ते काही खुळे नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. कागद वाचायला मागितला, मी दिला. चष्मा लावून दोनदा वाचला. 'मुलगी माझ्या समाजाची असल्यामुळे मला कोणी पक्षपाती म्हणू नये, या भीतीने मी सात खोडून चार केले. मला दिसलेला धोका मी लपवला. दुसऱ्या तज्ज्ञाचा आकडा स्वतंत्र नव्हता.'

"मी शिकिवलं तुला ते," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, नाही बाबा, तुम्ही तिकीट फाडायला शिकवलं, खोटं तिकीट द्यायला नाही. पण त्यांना ते पटलं असं वाटत नाही. उद्या पौर्णिमा, तरी पांढरा सदरा इस्त्रीला दिला नाही त्यांनी.

१३ मे

काल पौर्णिमेची सुट्टी होती. आज कागद दिला. सरकारी वकिलांच्या ऑफिसातून तो अपिलाच्या कोर्टात जाईल. सरांनी सही केली नाही, पण मला अडवलंही नाही. रजेवर आहेत. जामीन रद्द होईल की नाही कुणी सांगू शकत नाही. वकील म्हणाले, मॅडम, तुमचं पुढचं अवघड आहे. मला त्याचं फारसं वाटलं नाही, हे लिहिताना लाज वाटते, कारण त्यात शौर्य काही नाही. आता काही वाटून उपयोग नाही म्हणून वाटत नाही.

बाहेर येऊन नागुबाईंना फोन लावला. सांगितलं, दिलं. तुमच्याबद्दल एक शब्द नाही त्यात. त्या बरं म्हणाल्या आणि फोन मुलीकडे दिला.

"आम्ही उद्या मुदखेडला चाललो," ती म्हणाली. "मी अन् आई. आदर्शच्या आईला भेटायला. लग्नासाठी न्हाई. लग्न व्हवो, ना व्हवो. पण त्या बाईनं माझी गोष्ट त्याच्या तोंडून ऐकली हाय. ती तशीच राहू देणार न्हाई मी. माझ्या तोंडानं सांगणार."

मी म्हटलं, "मी येऊ का सोबत? मी त्यांना समजावून सांगेन. तो माणूस कसा आहे, त्याने हे का केलं. मी तज्ज्ञ म्हणून सांगितलं तर पटेल त्यांना."

पलीकडे मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"नका येऊ, मॅडम," ती म्हणाली. "तुमी आल्या की तुमचंच ऐकतील ती."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.